घनावरची चित्रे आणि गाळलेले ठिपके
अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-नोंदी पाहता याव्यात म्हणून जॉन हंटर यांनी मॅटप्लॉटलिब हे आलेखांचे सॉफ्टवेअर रचायला घेतले. आज त्यात घनाच्या पृष्ठांवर छायाचित्रेही लावतात. पण पृष्ठ रंगवणारी आज्ञा, वेगळे सांगितले नाही तर, आडव्या-उभ्या जास्तीत जास्त ५० ओळीच घेते. म्हणजे २०० गुणिले २०० ठिपक्यांच्या चित्रात दर १६ ठिपक्यांपैकी एकाचाच रंग उचलला जातो. आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. (गुळगुळीत डोंगर काढायला ५० पुरतात, हे मान्य.) चित्र धूसर झाले असते तर संशय तरी आला असता. इथे ते ठळकच राहते, फक्त एखादी बारीक रेघ नाहीशी होते. मेंदूच्या छेदचित्रात ती रक्तवाहिनीची असू शकते. असा घन समोर आला की मी आधी ओळींचा आकडा विचारतो.