स्वप्नातील जाग : सजग स्वप्नाची संकल्पना आणि सातारा-सांगली परिसरातील संतपरंपरा

जागेपणातून, मध्ये कोठेही भान न हरवता, थेट स्वप्नात प्रवेश करता येतो काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निद्राविज्ञानाच्या कक्षेत आला. स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असे जाणणाऱ्या अवस्थेसाठी ‘ल्युसिड ड्रीम’ ही संज्ञा डच साहित्यिक व मनोवैद्य फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी १९१३ मध्ये वापरली. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी आणि पुढे स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी निद्रिस्त व्यक्तीने आधी ठरवून केलेल्या नेत्रसंकेतांची नोंद घेऊन या अवस्थेचे अस्तित्व प्रयोगाने दाखवून दिले. मराठीत तिला ‘सजग स्वप्न’ म्हणणे सोयीचे ठरते.

या विषयावरील मराठी लेखनात एक विधान वारंवार आढळते : हे सर्व आपल्याकडे पूर्वापार होतेच. असे म्हणताना योगनिद्रा, तुर्या आणि संतांचे दृष्टान्त या तीन भिन्न गोष्टी एकाच माळेत ओवल्या जातात. स्वाभिमानाला असे विधान सुखावते. परंतु त्यामुळे मूळ ग्रंथ काय सांगतात हे पाहण्याची गरजच उरत नाही. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांशी निगडित असलेली ग्रंथपरंपरा आणि उपासनापरंपरा समोर ठेवून हे विधान तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रवेशाची रीत

सजग स्वप्नाचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात मनुष्य नेहमीप्रमाणे झोपतो आणि स्वप्नातील एखाद्या विसंगतीमुळे त्याला भान येते. दुसऱ्यात तो भान सांभाळूनच स्वप्नात उतरतो. प्रयोगशाळेत नोंदलेल्या सजग स्वप्नांत पहिल्याच प्रकाराचे प्रमाण मोठे आहे. दुसरा अवघड मानला जातो. त्याची रीत साधारणपणे अशी : रात्री पाचएक तास झोप झाल्यावर उठावे, काही वेळ जागे राहावे आणि पुन्हा आडवे व्हावे. जलद नेत्रगतीची, म्हणजे ठळक स्वप्नांची, निद्रा रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात अधिक असते. मराठीत जिला साखरझोप म्हणतात ती हीच वेळ. शरीर सैल सोडून श्वासावर किंवा मनातल्या मनात चालविलेल्या मोजणीवर लक्ष ठेवले जाते. मग मिटल्या डोळ्यांपुढे रंग, आकृती, तुटक दृश्ये येऊ लागतात. कधी आवाज ऐकू येतात, कधी हातपाय हलेनासे होतात व अंगावर कोणी बसल्याचा भास होतो. या साऱ्याला न घाबरता आणि त्यात वाहूनही न जाता लक्ष टिकले, तर त्या दृश्यांचेच स्वप्न बनते आणि पाहणारा त्यात जागेपणाने उभा असतो.

म्हणजे या रीतीचे दोन आधार आहेत : संकल्प आणि स्मरण. झोपताना केलेला निश्चय स्वप्नात आठवला पाहिजे. संतपरंपरेशी तुलना करताना हीच कसोटी लावावी लागते.

औदुंबर : स्वप्नाची वाट पाहणे

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी वसलेले औदुंबर हे नृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन मानले गेलेले दत्तक्षेत्र. ‘गुरुचरित्रा’चे सप्ताह-पारायण ही या परंपरेतील प्रमुख उपासना. पारायणाचे जे नियम पोथीसोबत छापले जातात, त्यांत निजण्याविषयीही सूचना असते : वाचकाने देवाच्या सान्निध्यात, चटईवर किंवा धाबळीवर, डाव्या कुशीवर निजावे, म्हणजे दृष्टान्त होतात. झोपण्याची जागा, अंथरूण, कूस आणि सात दिवसांचा आहार-विहार या सर्वांची आखणी येथे स्वप्नासाठी केलेली आहे. त्या अर्थाने ही एक पद्धतच आहे, हे मान्य करावे लागते.

मात्र पद्धतीचा रोख निराळा आहे. वाचक स्वप्नात जात नाही. दृष्टान्त त्याच्याकडे येतो. वाचकाने स्वतःला पात्र करायचे आणि निजायचे. स्वप्नात भान राखणे त्याच्याकडून अपेक्षित नाही. जाग आल्यावर ऐकलेले आठवणे पुरेसे. ‘दृष्टान्त होणे’ या मराठी शब्दप्रयोगातच कर्ता अनुपस्थित आहे. ‘मी दृष्टान्त केला’ असे कोणी म्हणत नाही. सातारा जिल्ह्यातील अंगापूरच्या डोहातून समर्थांना मिळालेल्या आणि चाफळला स्थापिलेल्या राममूर्तीची परंपरागत कथाही दृष्टान्ताचीच आहे.

हा व्याकरणातला भेद किती खोल जातो हे पाहण्यासाठी जिल्ह्यांची सीमा ओलांडून देहूपर्यंत जावे लागते. तुकारामांनी आपल्याला झालेल्या दोन स्वप्नांविषयी अभंग रचले आहेत. एकात नामदेव पांडुरंगासह येतात, तुकारामांना स्वप्नातच जागे करतात आणि कवित्वाचे काम सोपवितात. ‘स्वप्नात जाग’ ही कल्पना मराठीत इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी क्वचितच आली असेल. पण जागे करणारा दुसरा आहे. गुरूपदेशाच्या दुसऱ्या स्वप्नात गुरू भोजनासाठी पावशेर तूप मागतात आणि तुकारामांना त्याचा स्वप्नातच विसर पडतो. सजग स्वप्नाचा अभ्यासक ज्या विसराशी झगडतो तोच हा विसर. तेथे तो अपयश ठरतो. अभंगात मात्र तो लपविलेला नाही, आणि त्या विसराने उपदेश खोटाही ठरत नाही. स्मरण टिकले नाही तरी कृपा टिकते, हा या स्वप्नाचा अर्थ सजग स्वप्नाच्या शास्त्रात बसविता येणार नाही. तसा तो बसविण्याचा अट्टाहासही करू नये.

‘दासबोध’ : खोट्या जागेची चिकित्सा

समर्थ रामदासांच्या लेखनात स्वप्नाचे दोन उपयोग आहेत आणि ते परस्परविरोधी वाटावेत इतके वेगळे आहेत. ‘आनंदवनभुवनी’ या काव्यात रात्री पाहिलेले स्वप्न प्रत्यक्षात उतरत असल्याची घोषणा आहे. ते स्वप्न भविष्यसूचक आणि म्हणून दृष्टान्ताच्या कुळातले. ‘दासबोधा’त मात्र स्वप्न हे भ्रमाचे उदाहरण म्हणून येते.

‘देवशोधन’ या सहाव्या दशकात, वाणीने सांगता न येणाऱ्या वस्तूची चर्चा चालू असताना, आपल्याला अनुभव आला असे मानणाऱ्या श्रोत्याला समर्थ जे उत्तर देतात ते या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. आशय असा : तुला स्वप्नात स्वप्न पडले, ते आतले स्वप्न मोडले आणि तू जागा झालास असे तुला वाटले, पण बाहेरचे स्वप्न अजून चालूच आहे. अनुभवाविषयी तू जे बोलतोस ते झोपेतले चावळणे आहे.

निद्राविज्ञानात या घटनेला ‘खोटी जाग’ असे म्हणता येईल असे नाव आहे, आणि ती सजग स्वप्नाच्या अभ्यासात नेहमी भेटते. मनुष्य उठतो, दिवा लावतो, आपल्याला आलेला विलक्षण अनुभव वहीत लिहूनही काढतो; आणि मग खरोखर जागा होतो तेव्हा वही कोरी असते. जागेपणातून थेट स्वप्नात जाऊ पाहणाऱ्याची अडचण तर दुहेरी असते. प्रयत्न फसला व आपण अंथरुणात जागेच पडून आहोत असे त्याला वाटते, आणि ते वाटणेच पुष्कळदा स्वप्न असते. यावर उपाय म्हणून परीक्षा सांगितल्या जातात : छापील मजकूर दोनदा वाचून पाहावा, नाक दाबून श्वास घेता येतो का ते पाहावे.

समर्थांना या परीक्षांनी समाधान झाले नसते. ‘मी जाणतो’ असे म्हणणारा जोवर शिल्लक आहे तोवर जाग पुरी झाली नाही, अशी त्यांची भूमिका आहे. सजग स्वप्नात नेमका हा जाणणाराच बळकट केला जातो. त्याला दृश्यावर सत्ता दिली जाते, उडता येते, भिंतीतून जाता येते. ‘दासबोधा’च्या दृष्टीने ही आतल्या स्वप्नातली जाग होय. म्हणून सजग स्वप्नाला तुर्येशी जोडणाऱ्यांना समर्थांचा पाठिंबा मिळत नाही. मिळते ती आगाऊ दिलेली हरकत. त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की, शिवथर घळीत सिद्ध झाल्याचे परंपरा मानते आणि सज्जनगडाच्या परिसरात पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला, अशा या ग्रंथात खोट्या जागेची रचना इतकी अचूक आली आहे की, ती केवळ तर्काने सुचली असेल असे वाटत नाही.

जागेपण आणि झोप यांच्या सांध्यावर लक्ष ठेवण्याची प्रत्यक्ष साधना भारतीय परंपरेत नाहीच, असे मात्र नव्हे. काश्मिरी शैवांच्या ‘विज्ञानभैरवा’त बाह्य विषय मावळले आहेत पण झोप आलेली नाही अशा क्षणावर मन ठेवण्यास सांगितले आहे, तिबेटी बौद्धांचा स्वप्नयोगही सर्वश्रुत आहे. नाते जोडायचेच तर ते येथे जोडावे. आज प्रचलित असलेली योगनिद्रा मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी विसाव्या शतकात घडविली, आणि तिचा उद्देश सांध्यावर राहणे हा आहे, स्वप्नात शिरणे हा नव्हे.

उमदी आणि सांगली : प्रकाश, नाद आणि लय

जत तालुक्यातील उमदी हे भाऊसाहेब महाराजांचे गाव. निंबरगी महाराजांपासून आलेला हा संप्रदाय नामस्मरणप्रधान आहे. भाऊसाहेबांचे शिष्य गुरुदेव रा. द. रानडे यांनी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात काही काळ तत्त्वज्ञान शिकविले. उपनिषदांवरील त्यांच्या १९२६ च्या इंग्रजी ग्रंथात निद्रा व स्वप्न यांचा विचार मानसशास्त्राच्या प्रकरणात केलेला आहे. बृहदारण्यकात स्वप्नाला इहलोक व परलोक यांच्यामधील तिसरे, सांध्यावरचे स्थान म्हटले आहे. तेथे पुरुष स्वतःच्याच प्रकाशाने पाहतो व सृष्टी रचतो. अशा वचनांकडे श्रद्धेइतक्याच चिकित्सेने पाहण्याची ही रीत महाविद्यालयीन अध्यापनात रुजली असती, तर ‘आपल्याकडे होतेच’ या घोषणेची वेळ कदाचित आली नसती.

रानडे यांच्या गूढवादविषयक लेखनात रूप, प्रकाश, रंग आणि नाद यांच्या अनुभवांना मोठे स्थान आहे. १९३३ च्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ मध्ये संतवचने तपासताना ते अशा अनुभवांच्या खुणा आवर्जून शोधतात. वर वर्णिलेल्या निद्रारंभीच्या प्रतिमांशी यांचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे, आणि घाईचा अभ्यासक येथेच समीकरण मांडून मोकळा होईल. साधकाला ते मान्य होणार नाही, आणि त्याचे कारण निव्वळ श्रद्धेचे नाही. वेदान्तग्रंथांनी समाधीची जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत पहिले ‘लय’ आहे : मन वस्तूला न धरता झोपेत सरकते. नेमाला बसलेला साधक या सरकण्यापासून मनाला मागे खेचतो. पहाटे पुन्हा आडवा झालेला सजग स्वप्नाचा अभ्यासक त्याच उतारावर मुद्दाम पाय सोडतो, आणि घसरताना फक्त डोळे उघडे ठेवू पाहतो.