अँडरसनच्या पुस्तकात एन्ट्रॉपी उशिरा येते

जॉन डी. अँडरसन यांचं ‘फंडामेंटल्स ऑफ एरोडायनॅमिक्स’ न चाळता एरोस्पेसमध्ये पीएचडीला येणारे विरळाच. पुस्तक चांगलं आहे. शिक्षक समोर बसून बोलतोय असं वाचताना वाटतं. माझी तक्रार आहे ती फक्त थर्मोडायनॅमिक्सला दिलेल्या जागेबद्दल.

ते येतं थेट सातव्या प्रकरणात, तेही थोडक्यात उजळणी म्हणून. आठव्यात वस्तुमान, संवेग आणि ऊर्जेच्या समीकरणांतून नॉर्मल शॉकची सूत्रं निघतात आणि मग दुसरा नियम बोलावला जातो: शॉकच्या आधीचा मॅक नंबर १ पेक्षा कमी घेतला तर एन्ट्रॉपी घटते, सबब ते उत्तर बाद. मुद्दा बरोबरच आहे. पण या क्रमामुळे दुसरा नियम म्हणजे शेवटी मारायचा शिक्का, असं डोक्यात बसतं.

मॅक २ चा नॉर्मल शॉक घ्या. हवेचा दाब ४.५ पट होतो. टोटल तापमान बदलत नाही, टोटल प्रेशर मात्र मूळच्या ७२ टक्क्यांवर येतं. गेटची तयारी केलेला कुणीही कोष्टकातून ०.७२०९ काढून देईल. पण ऊर्जा सगळी शिल्लक असताना हा दाब गेला कुठे, असं विचारलं की गाडी अडते. तो गेला एन्ट्रॉपीत. ऊर्जा तेवढीच राहिली, तिच्याकडून काम करून घ्यायची सोय कमी झाली. सुपरसॉनिक विमानाच्या इनटेकमध्ये एका जोरदार शॉकऐवजी आधी तिरके, सौम्य शॉक योजतात, ते हा तोटा कमी करायलाच.

संशोधनात हे जास्त नडतं. रो यांची १९८१ ची पद्धत जशीच्या तशी कोडमध्ये घातली, तर सॉनिक बिंदूपाशी प्रसरणाचा शॉक दिसू शकतो. तिन्ही समीकरणं पाळलेली, तरी निसर्गात नसलेला! त्यासाठी ‘एन्ट्रॉपी फिक्स’ लावतात. अनेक जण तो नुसता पर्याय म्हणून टिक करतात. (रंगीत चित्र सुंदर आलं, की तपासतंय कोण?)

लीपमन आणि रोश्को यांचं ‘एलिमेंट्स ऑफ गॅसडायनॅमिक्स’ १९५७ चं. त्याचं पहिलंच प्रकरण थर्मोडायनॅमिक्सचं आहे. भाषा आटोपशीर, कधी कधी फारच. एकेका पानाला संध्याकाळ जाते. सुरुवातीला हेच पुस्तक हातात द्यावं असं मी म्हणणार नाही. अँडरसनच वाचा, पण आठव्याकडे वळण्याआधी लीपमन-रोश्कोचं हे पहिलं प्रकरण वाचा आणि टोटल प्रेशर व एन्ट्रॉपीचं नातं कागदावर स्वतः काढा. अर्ध्या पानाचं काम आहे.