हिरावलेला ढोल

जाझ नृत्य म्हणजे नुसते हातपाय झाडणे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. ‘हेल्झापॉपिन’ या १९४१ सालच्या अमेरिकन चित्रपटातील एका नाचाने ती मोडली. चित्रपट तसा पोरकटच. पण मध्येच नोकरचाकरांच्या वेषातील कृष्णवर्णीय तरुण-तरुणींच्या चार जोड्या नाचू लागतात. एखादी मुलगी जोडीदाराच्या पाठीवरून उडते आणि तबलजीने तिहाई घेऊन समेवर यावे, तशी नेमकी ठेक्यावर जमिनीला टेकते. मी खुर्चीत बसल्या बसल्या पायाने ताल धरला होता!

हा ठेका फार जुना. १७३९ साली साउथ कॅरोलायनातील गुलामांनी ढोल वाजवीत बंड केले. पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल गेला, तेव्हा छाती, मांड्या आणि तळपाय यांचाच ढोल झाला. मालकांच्या ऐटबाज नाचाची टर उडविता उडविता ‘केकवॉक’ जन्मला. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ साली ‘सॅव्हॉय’ नृत्यगृह उघडले. तेथे काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. ‘लिंडी हॉप’ तेथेच बहरला.

रंगभूमीवर आणि चित्रपटांत या नाचाला रेखीव रूप दिले ते जॅक कोल याने. तो भरतनाट्यम शिकला होता. त्यातील मानेच्या, बोटांच्या हालचाली त्याने चक्क जाझच्या तालावर बसविल्या. १९५३ साली मेरिलिन मन्रोचे हिऱ्यांचे प्रसिद्ध गाणे त्यानेच बसविले. त्यातील सफाई पाहून डोळे निवतात; पाय मात्र स्वस्थ राहतात. मन्रो प्रेक्षकांसाठी नाचते, सॅव्हॉयची पोरे एकमेकांसाठी नाचत. मला हा भेद मोठा वाटतो.

कोलच्या प्रतिभेविषयी माझी तक्रार नाही. पण त्याला रंगमंचीय जाझ नृत्याचा जनक म्हणतात, तेव्हा मला फ्रँकी मॅनिंग आठवतो. ‘हेल्झापॉपिन’मधला तो नाच बसविणारा आणि त्यात स्वतः नाचणारा हा कलावंत पुढे सुमारे तीस वर्षे टपालखात्यात नोकरी करीत होता! १९८० नंतर तरुण मंडळींनी त्याला हुडकून काढले आणि १९८९ साली त्याला नृत्यरचनेचा ‘टोनी’ पुरस्कार मिळाला.

आपल्या घरातील मुले ‘जाझ’च्या वर्गाला जात असतील, तर त्यांना आधी हा नोकरांचा नाच दाखवावा. ज्यांचा ढोल एकदा हिरावला गेला, त्यांचे नाव तरी आपण हिरावू नये.