तीन मिनिटांची तबकडी

गेल्या श्रावणात माधवगंजातल्या एका स्नेह्यांकडे बसलो होतो. त्यांचा नातू मोबाइलवर खेळत होता आणि खेळातली धून पुन्हा पुन्हा वाजत होती. आजोबा वैतागले, "बंद कर रे ती पिपाणी!" नातू म्हणाला, "आजोबा, पिपाणी नाही, म्युझिक आहे. ऐसे गेम्स की रेकॉर्ड भी निकलती है!"

पोरगा खरे बोलत होता. १९८४ साली जपानच्या आल्फा रेकॉर्ड्सने नामको कंपनीच्या खेळांतील संगीताची तबकडी काढली. हारुओमी होसोनो हे नामवंत संगीतकार तिचे निर्माते होते. १९८७ मध्ये पोनी आणि कॅनियन या दोन संस्था एक होऊन पोनी कॅनियन झाली. तिने सेगा, तायतो यांच्या खेळांचे संगीत तर काढलेच, शिवाय 'अल्टिमा'सारखा परदेशी खेळही जपानी घरांत पोचवला. ज्याला वडीलधारे गोंगाट म्हणत होते, त्यात संगीत आहे हे या कंपन्यांनी ओळखले. ही दाद लहान नव्हे.

त्या संगीतकारांपुढची अडचण मोठी होती. १९८३ च्या फॅमिकॉम यंत्रातून एका वेळी जेमतेम तीन स्वर निघत, जोडीला ठेक्यापुरती खरखर. तेवढ्यावर कोजी कोन्दो यांनी १९८५ मध्ये 'सुपर मारिओ'ची धून बांधली.

अशीच अडचण आपल्या गवयांनीही सोसली आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मिळत. हद्दूखाँ, हस्सूखाँ त्याआधीच गेले होते. त्यांचा आवाज आपल्याला कधीच ऐकू येणार नाही. त्यांच्या ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, विष्णु दिगंबरांनी ती पसरवली आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर यांच्या तबकड्यांवरून ती लष्करातल्या आपल्या मराठी घरांत परत आली. पलुसकर १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. पण त्यांचा तीन मिनिटांतला श्री राग ऐकावा. बंदिश ठसठशीत, ताना मोजक्या पण दाणेदार, कुठे घाई म्हणून नाही. घागरभर पाणी तांब्यात मावलेले पाहावे तसे वाटते.

तरीही दोन्ही तबकड्या एका मापाने मोजता येणार नाहीत. खेळातली धून फिरून फिरून तशीच वाजावी म्हणूनच रचलेली असते. ख्यालाचे उलट आहे. समेवर परतायचे, पण दर आवर्तनात निराळ्या वाटेने, हा त्याचा धर्म. तबकडीने त्यातली एकच वाट कायमची गोठवली. आपण ती इतक्या वेळा ऐकली की तीच राग वाटू लागली. मैफलीत गवयाने निराळी तान घेतली की मागच्या रांगेतून कुजबुज येते, "रेकॉर्डमध्ये असं नाही हो!" मीही एकदा तसे बोललो आहे, आणि आज त्याची लाज वाटते. ख्यालाला आपण खेळातली धून करून टाकले. दोष कंपनीचा नाही, आपल्या कानांचा आहे.

तेव्हा नातवाला रागावण्यापूर्वी आपण काय करतो ते पाहावे. ती धून कोणी रचली, हे त्याला जरूर विचारावे. मग पलुसकरांची तीन मिनिटे त्याला ऐकवावीत आणि डिसेंबरात तानसेन समारोहाला हात धरून न्यावे. तोच राग तिथे निराळा उमटेल. पोराने विचारले, "आजोबा, हे तर वेगळंच आहे!" तर समजावे, ग्वाल्हेर अजून ग्वाल्हेरात आहे.