भयसंगीत आणि त्याचे संग्राहक

भीति ही डोळ्यांपेक्षां कानांच्या वाटेनें मनांत लवकर शिरते, हें लहानपणीं माजघरांत निजून भुताखेतांच्या गोष्टी ज्यानें ऐकल्या आहेत त्याला पटवून द्यावयास नको. डोळे मिटतां येतात. कान मिटतां येत नाहींत. भयपटांचे संगीतकार ह्या साध्या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेतात. परंतु चित्रपटगृहांत ज्या सुरांनीं अंगावर कांटा आणला, तेच सूर पुढें शोधीत राहावयाचे, त्यांची ध्वनिमुद्रिका निघण्याची वीस-वीस, तीस-तीस वर्षें वाट पाहावयाची आणि ती निघाल्यावर दिवाणखान्यांत स्वस्थपणें बसून ऐकावयाची, असा छंद असलेलीं माणसें पाश्चात्त्य देशांत पुष्कळ आहेत. परक्याला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. चिरकाल प्रतीक्षा केलेली मुद्रिका हातीं आल्यावर हे संग्राहक जें बोलतात, त्यांत कलेविषयींचा एक खरा प्रश्न दडलेला असतो. चित्रपटासाठीं रचलेलें संगीत कोणाचें? तें रचणाऱ्याचें, तें कापून जोडणाऱ्या चित्रपटाचें, कीं तें ज्याच्या मनांत घर करून राहिलें त्या श्रोत्याचें?

पहिलें उदाहरण आल्फ्रेड हिचकॉक ह्यांच्या १९६० सालच्या ‘सायको’ ह्या चित्रपटाचें घेऊं. बर्नार्ड हरमान ह्यांनीं ह्या चित्रपटाचें सारें संगीत केवळ तंतुवाद्यांवर उभें केलें. स्नानगृहांतील हत्येचा प्रसंग संगीतावांचून ठेवावा असा हिचकॉक ह्यांचा मूळ विचार होता; हरमान ह्यांनीं रचलेले ते किंचाळणारे सूर ऐकल्यावर त्यांनीं तो बदलला. एवढें गाजलेलें हें संगीत. पण त्याची स्वतंत्र मुद्रिका त्या वेळीं निघाली नाहीं. पुढें १९७५ सालीं, म्हणजे पंधरा वर्षांनीं, हरमान ह्यांनीं लंडनमध्यें नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून तें वाजवून घेतलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांचा अंत झाला. खुद्द कर्त्याच्या हातचें हें वादन रसिकांनीं शिरोधार्य मानावयास हवें होतें. परंतु पुष्कळांची तक्रार अशी, कीं ह्याची लय संथ आहे. चित्रपटांतील धावती, दम कोंडविणारी घाई ह्यांत नाहीं. वृद्धपणीं आपल्या कृतीकडे सावकाश, जरा अभिमानानें पाहण्याचा हक्क कर्त्याला आहे. पण श्रोत्याच्या स्मृतीला तो हक्क मान्य नव्हता. १९९७ सालीं जोएल मॅकनीली ह्यांनीं रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून तें पुन्हां समग्र वाजवून घेतलें, तेव्हांही तुलनेचा गज चित्रपटाचाच होता.

ह्याहून गुंतागुंतीचा प्रकार ‘एलियन’चा. रिडले स्कॉट ह्यांच्या १९७९ सालच्या ह्या चित्रपटाला जेरी गोल्डस्मिथ ह्यांनीं संगीत दिलें. अंतराळाची विशालता व गूढता प्रथम दाखवावी आणि भय हळूहळू वर येऊं द्यावें, अशी त्यांची योजना होती. दिग्दर्शकाला ती मानवली नाहीं. आरंभींचें संगीत बदलून अधिक विचित्र व अस्वस्थ करणारें असें दुसरें संगीत त्यांना लिहावें लागलें. पुढें संकलनांत कांहीं तुकडे भलत्याच जागीं गेले. १९६२ सालच्या ‘फ्रॉइड’ ह्या चित्रपटासाठीं त्यांनींच पूर्वीं रचलेले कांहीं अंश येथें आणून बसविण्यांत आले. आणि शेवटीं तर हॉवर्ड हॅन्सन ह्यांच्या दुसऱ्या सिंफनीचा भाग लावण्यांत आला. त्याच सालीं जी तबकडी निघाली, तींत मात्र गोल्डस्मिथ ह्यांनीं आपला मूळ आरंभ कायम ठेवला. परिणाम असा झाला, कीं चित्रपट पाहून तबकडी घेणाऱ्याला तींत ऐकलेलें सांपडेना, आणि तबकडी ऐकून चित्रपटास जाणाऱ्याला तेथें तें भेटेना.

हा घोळ अठ्ठावीस वर्षें चालला. २००७ सालीं इन्ट्राडा ह्या संस्थेनें दोन तबकड्यांचा संच काढला. त्यांत मूळ योजनेप्रमाणें सर्व संगीत आहे, बदलून लिहिलेले भाग आहेत, आणि १९७९ सालची मुद्रिकाही जशीच्या तशी आहे. गोल्डस्मिथ २००४ सालीं वारले होते. आपली बाजू अशी मांडली गेलेली त्यांना पाहतां आली नाहीं. संग्राहकांना अतोनात आनंद झाला, आणि तो रास्त होता. परंतु अशा समयीं नेहमींच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सेकंदभरही वगळतां कामा नये. चित्रपटाच्या क्रमानें, कांहीं न गाळतां सारें द्यावें. दुसरा म्हणतो, भयपटाचें संगीत म्हणजे दीर्घ दबलेले सूर आणि मधूनच एक आघात. दृश्य काढून घेतल्यावर तें तासभर ऐकणें म्हणजे रिकाम्या घरांत कोणी येण्याची वाट पाहत बसणें होय. संगीतकारानें निवडून बांधलेली अर्ध्या-पाऊण तासाची जुनी मुद्रिकाच खरी कलाकृति.

आमच्या मतें दोघेही अर्धे बरोबर आहेत, कारण दोघे दोन निरनिराळ्या गोष्टी मागत आहेत. पहिल्याला दस्तऐवज हवा आहे, दुसऱ्याला ग्रंथ. कवीच्या वहींतील खोडाखोड जपून ठेवावी, ह्यांत शंका नाहीं. पण संध्याकाळीं वाचावयास आपण छापील संग्रहच घेतों. इन्ट्राडाच्या संचाचें मोल हेंच, कीं त्यानें दोन्ही एकत्र दिलें आणि निवड श्रोत्यावर सोंपविली.

तक्रारीची दुसरी बाजू पैशाची आहे, आणि तिला हंसून चालणार नाहीं. गोल्डस्मिथ ह्यांच्याच ‘पोल्टरगाइस्ट’चें संगीत १९८२ सालीं तबकडीवर आलें, १९९७ सालीं अधिक भरीव स्वरूपांत आलें, आणि २०१० सालीं दोन तबकड्यांत पुन्हां आलें. निष्ठावंतानें एकच वस्तु तीनदां विकत घ्यावी, हा निष्ठेचा दंडच म्हणावयाचा. शिवाय अशा पुष्कळ मुद्रिकांच्या हजार किंवा तीन हजारच प्रती निघतात. ज्याचा पगार उशिरां झाला त्याची मुद्रिका गेली, आणि पुढें ती दामदुपटीनें घ्यावी लागते.

प्रतीक्षेचा सर्वांत विलक्षण नमुना मात्र ‘दि एक्झॉर्सिस्ट’चा. १९७३ सालच्या ह्या चित्रपटासाठीं लालो शिफ्रिन ह्यांनीं रचलेलें संगीत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन ह्यांनीं फेंटाळून लावलें. पंचवीस वर्षें त्याच्याविषयीं केवळ बोलणेंच होतें. १९९८ सालीं तें प्रसिद्ध झालें. येथें तुलनेला चित्रपटाची स्मृति नव्हती. होती ती दंतकथा. न ऐकलेलें संगीत नेहमींच अधिक भयंकर असतें. म्हणून जें ऐकूं आलें त्याला ह्या दंतकथेशीं झगडावें लागलें.

आपल्याकडे असा वर्ग फारसा तयार झाला नाहीं, ह्याचें कारणही ध्यानांत घेण्याजोगें आहे. आपल्या चित्रपटांच्या मुद्रिका म्हणजे मुख्यतः गाणीं. पार्श्वसंगीत बहुधा चित्रपटाच्या रिळांतच राहिलें. १९४९ सालच्या ‘महल’मधील लता मंगेशकर ह्यांनीं गाइलेल्या त्या गूढ गाण्याच्या तबकडीवर प्रथम गायिकेचें नांवही नव्हतें, ‘कामिनी’ हें चित्रपटांतील पात्राचें नांव होतें. श्रोत्यांनीं पत्रें पाठवून हा आवाज कोणाचा म्हणून विचारलें. तेंही एक प्रकारचें वाट पाहणेंच होतें. परंतु त्यांना हवें होतें तें माणसाचें नांव, शब्दांवांचून उभ्या राहिलेल्या भयाचे सूर नव्हेत.

ज्या वाचकांस हा प्रकार स्वतः अनुभवून पाहावयाचा असेल, त्यांनीं ‘एलियन’च्या संचांतील जुनी मुद्रिका प्रथम ऐकावी, मग चित्रपट पाहावा, आणि सर्वांत शेवटीं समग्र संगीताकडे वळावें. अठ्ठावीस वर्षें वाट पाहणाऱ्यांचा हट्ट कोठें शहाणपणाचा होता आणि कोठें नव्हता, हें त्यांना कोणीं सांगावयास नको.