झुलू मणीकाम : रंगकोशाची मर्यादा आणि अर्थाचा प्रश्न

प्रस्तावना :
दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील क्वाझुलू-नाताळ प्रांतात झुलू स्त्रिया बारीक काचमणी ओवून जे अलंकार करतात, ते जगभर 'प्रेमपत्र' या नावाने परिचित आहेत. दोऱ्याला लटकणारी लहानशी चौकोनी पट्टी आणि तिच्यासोबत रंगांच्या अर्थांची छापील यादी, अशा रूपात ही वस्तू पर्यटकांच्या हाती पडते. पांढरा म्हणजे निर्मळ प्रेम, काळा म्हणजे विवाह, पिवळा म्हणजे संपत्ती, गुलाबी म्हणजे दारिद्र्य, असे या यादीचे सर्वसाधारण स्वरूप असते. ही यादी हाती असली की मणीकाम वाचता येते, असा समज त्यातून रूढ झाला आहे. या समजाची चिकित्सा करणे आणि मणीकामाचा अर्थ कोठे व कसा निर्माण होतो याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मणीकामाला 'पारंपरिक' म्हटले जात असले तरी त्याचे मुख्य द्रव्य मुळात आयात केलेले आहे. काचमणी आफ्रिकेच्या दक्षिण भागात समुद्रमार्गे येत राहिले. लिंपोपो खोऱ्यातील तेराव्या शतकातील मापुंगुब्वे या स्थळी भारतीय उगमाचे मणी मिळाले आहेत. पूर्व आफ्रिकेच्या संदर्भात तर महाराष्ट्राचा थेट संबंध दाखविता येतो. रायगड जिल्ह्यातील चौल या प्राचीन बंदरातील काचमणी आणि केनियातील स्थळांवरील मणी यांच्या काचेच्या रासायनिक घटनेतील साम्य इ. स. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढे आणले. त्या संशोधनात पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे विश्वास गोगटे यांचाही सहभाग होता. अर्थात मापुंगुब्वे हे झुलू राज्य नव्हे आणि चौलचे मणी झुलूंपर्यंत पोचले असेही यावरून म्हणता येणार नाही. मणी ही हिंदी महासागराच्या व्यापारातील जुनी वस्तू होती, एवढेच यातून स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय बनावटीच्या, विशेषतः व्हेनिस आणि बोहेमिया येथील मण्यांनी ही जागा घेतली. राजा डिंगाने याच्या काळात (१८२८ ते १८४०) आयात मण्यांवर राजसत्तेचे कडक नियंत्रण होते. कोणते मणी कोणी वापरावेत हे राजा ठरवीत असे. त्याची राजधानी उमगुंगुंडलोवु येथील उत्खननातही काचमणी सापडले आहेत. या टप्प्यावर मणी हे राजकृपेचे व दर्जाचे चिन्ह होते. इ. स. १८७९ च्या इंग्रज-झुलू युद्धानंतर राज्याचे तेरा तुकडे झाले आणि मण्यांवरील राजाचा अधिकार संपुष्टात आला. गावोगावच्या दुकानांतून मणी मिळू लागले. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या आणि विटवाटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत पुरुष मजुरीस जाऊ लागले, तेव्हा हाती रोख पैसा आला आणि घरापासून दुरावाही आला. ज्याला आज 'पारंपरिक झुलू मणीकाम' म्हटले जाते, त्याचा मोठा विस्तार या पराभवोत्तर काळातला आहे. राजसत्तेचे चिन्ह सामान्य कुटुंबांतील मुलींच्या हाती आले आणि ते परस्परसंबंधांची भाषा बनले, हे परिवर्तन मूलभूत स्वरूपाचे मानावे लागते.

रंगभाषेचे अभ्यासक :
मण्यांच्या रंगभाषेची प्रारंभीची महत्त्वाची नोंद फादर फ्रान्झ मायर या धर्मोपदेशकाने इ. स. १९०७ मध्ये नाताळ संग्रहालयाच्या नियतकालिकात केली. रंगांना भाषा असते ही गोष्ट त्याने अभ्यासविषय म्हणून मांडली, हे त्याचे श्रेय आहे. मात्र 'रंग आणि त्याचा अर्थ' अशा जोड्यांची पद्धतही तेव्हापासूनच रुळत गेली. पुढील काळातील लोकप्रिय लेखनाने या जोड्या घेतल्या आणि स्थळ, काळ व सांगणारी व्यक्ती यांचे संदर्भ गाळले.

यादीतील पहिली अडचण तिच्या आतच आहे. पांढरा रंग सोडल्यास बहुतेक रंगांना शुभ आणि अशुभ असे दोन्ही अर्थ सांगितले जातात. पिवळा समृद्धीचा, तसाच मत्सराचाही. मग पट्टीतील पिवळा कोणता मानावा? याचे उत्तर रंगात मिळत नाही. ते शेजारच्या रंगात, पट्टी देणाऱ्या मुलीच्या परिस्थितीत आणि घेणाऱ्याशी तिच्या असलेल्या नात्यात शोधावे लागते. 'उबाला अबुयिसे' या झुलू शब्दप्रयोगाचा आशय 'एकाने लिहावे, म्हणजे दुसऱ्याने उत्तर द्यावे' असा आहे. उत्तराची अपेक्षा असलेले हे लेखन कोशाच्या आधारे एकतर्फी वाचले तर त्यातील संवादच हरवतो.

दुसरी अडचण फ्रँक योलेस यांच्या अभ्यासाने समोर आणली. इ. स. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सिंगा भागातील मणीकामावरील लेखात त्यांनी 'इसिशुंका', 'उमझान्सी', 'इसिथेम्बू' आदी ठरावीक रंगसंचांची नोंद केली. इसिशुंकामध्ये पांढरा, फिका निळा, गडद हिरवा, फिका पिवळा, गुलाबी, लाल आणि काळा असे सात रंग येतात, तर उमझान्सीमध्ये पांढरा, गडद निळा, गवती हिरवा आणि लाल असे चारच. कोणत्याही ठरलेल्या संचात न बसणाऱ्या मिश्रणालाही 'इसिन्योलोवाने' असे स्वतंत्र नाव आहे. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. रंग एकेकटे बोलण्याआधी त्यांचा संच बोलतो, आणि ल्यालेली व्यक्ती कोणत्या परिसराची वा समूहाची आहे हे सांगतो. एका खोऱ्यातील हिरवा दुसऱ्या खोऱ्यात तोच अर्थ वाहील याची हमी देता येत नाही. त्रिकोणाच्या टोकाच्या दिशेवरून स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित असे भेद सांगणारी जी सार्वत्रिक सूत्रे प्रचलित आहेत, त्यांच्याकडेही याच कारणाने सावधपणे पाहिले पाहिजे. शिवाय दुकानात एखादी छटा मिळेनाशी झाली की ओवणारीला जवळची छटा निवडावी लागते. अशा वेळी अर्थ पुरवठ्यावरही अवलंबून राहतो.

रेजिना ट्वाला आणि श्रेयाचा प्रश्न :
या अभ्यासपरंपरेत रेजिना ट्वाला (१९०८ ते १९६८) यांचे स्थान विशेष विचारात घेण्याजोगे आहे. नाताळमध्ये जन्मलेल्या ट्वाला यांनी इ. स. १९४८ मध्ये विटवाटर्सरँड विद्यापीठाची पदवी मिळविली. त्या काळी कृष्णवर्णीय स्त्रीला ही गोष्ट जवळजवळ अशक्यप्राय होती. झुलू आणि स्वाझी समाजांचे जीवन मणी कसे नियमित करतात, या विषयावरील त्यांचा लेख इ. स. १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातील 'नियमन' ही संकल्पना येथे निर्णायक ठरते. मणी प्रेम व्यक्त करतात एवढेच सांगून ट्वाला थांबल्या नाहीत. मुलामुलींच्या भेटीगाठी, वाङ्निश्चय, वयोगट आणि विवाह यांना मण्यांच्या देवघेवीतून सामाजिक मान्यता कशी मिळते, या दिशेने त्यांनी विषय नेला. मोठ्या मुली धाकट्या मुलींच्या प्रेमसंबंधांवर देखरेख ठेवीत, आणि म्हणूनच गळ्यातील सर हा खासगी असूनही चारचौघांनी पाहण्याचा जाहीर करार होता.

ट्वाला यांचे बरेचसे लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले. जोएल कॅब्रिटा यांनी इ. स. २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथात, ट्वाला यांच्या क्षेत्रकार्याचा उपयोग स्वीडिश अभ्यासक बेंग्ट सुंडक्लर यांनी पुरेसे श्रेय न देता केला, असे साधार प्रतिपादन केले आहे. मणीकामाच्या समीक्षेत ही बाब आनुषंगिक मानता येत नाही. ज्या कलेत स्त्रीचा संदेश हाच गाभा आहे, तिच्या अभ्यासात त्याच समाजाच्या परिसरातून आलेल्या स्त्रीचा आवाज मागे पडावा आणि निनावी रंगकोश मात्र सर्वत्र पोचावा, ही विसंगती गंभीर आहे. रंगकोशात सांगणारीला नाव नसते. ट्वाला यांच्या वाट्यालाही काहीसे तेच आले.

बदलते संदर्भ :
ख्रिस्ती मिशनांनी धर्मांतरितांच्या मणीकामाला बहुधा विरोध केला. याउलट आयझाया शेम्बे यांनी इ. स. १९१० मध्ये स्थापन केलेल्या नाझरेथ बाप्टिस्ट चर्चमध्ये मणीकाम उपासनेच्या वेषाचा भाग बनले. राजा गुडविल झ्वेलिथिनी यांनी बोरू-नृत्याचा उत्सव पुन्हा सुरू केला. त्यात सहभागी होणाऱ्या मुली मण्यांचे अलंकार घालतात. बाजारासाठी होणाऱ्या कामातही नवनिर्मिती असते, याकडे एलेनॉर प्रेस्टन-व्हाइट व जो थॉर्प यांनी इ. स. १९८९ मध्ये लक्ष वेधले. याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे डर्बन येथे केट वेल्स यांच्या पुढाकाराने आकारास आलेला 'सियाझामा' (आम्ही प्रयत्न करीत आहोत) हा प्रकल्प. एड्सच्या साथीत इ. स. १९९९ पासून ग्रामीण कारागीर स्त्रियांनी मण्यांच्या बाहुल्यांतून आजाराविषयी संवाद साधला. 'ह्लोनिफा' या आदरसंकेतामुळे लैंगिक विषय उघडपणे बोलणे झुलू स्त्रीला वर्ज्य होते. जे तोंडाने बोलता येत नाही ते मण्यांनी बोलायचे, ही जुनी रीत येथे जीवनमरणाच्या प्रश्नासाठी उपयोगात आली. पर्यटकांना मिळणाऱ्या यादीत मात्र या आजाराला कोणताही रंग नाही.

निष्कर्ष :
१. झुलू मणीकामाचा अर्थ रंगसंच, परिसर, देणारी व्यक्ती आणि घेणारी व्यक्ती यांच्या संबंधातून सिद्ध होतो. सार्वत्रिक रंगकोश त्याला पुरा पडत नाही.
२. या कलेची 'परंपरा' आयात द्रव्य, युद्धोत्तर विस्थापन आणि मजुरीची अर्थव्यवस्था यांतून घडली आहे. त्यामुळे ती कमी अस्सल ठरत नाही, मात्र तिला कालातीत मानणे चुकीचे आहे.
३. संग्रहालये आणि अभ्यासक यांनी प्रत्येक वस्तूसोबत स्थळ, काळ आणि शक्य तेथे करणारीचे नाव नोंदविणे आवश्यक आहे. हे पत्र कोणी लिहिले याची नोंद नसेल, तर त्याच्या रंगांची यादी कितीही मोठी असली तरी ते अर्धेच वाचले जाईल.