सर्वसेनाचा पारिजात: फँटसीची हद्द कुठे लागते?

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे. तिथली मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, किंचित अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जाई, आता फक्त कापड सरकवता येतं, असं सांगतात. उद्या अशीच अधांतरी मूर्ती एखाद्या कादंबरीत आली, तर त्या कादंबरीला आपण बेधडक फँटसी म्हणू. मग मंदिरातल्या कथेला काय म्हणायचं?

फँटसीची आपली नेहमीची व्याख्या इथेच घसरते. ‘प्रत्यक्षात अशक्य ते जिथे घडतं ती फँटसी’ असं म्हटलं की पुराणं, परीकथा, हॅरी पॉटर आणि आजीने सांगितलेला रानातला चकवा, सगळे एकाच पोत्यात जातात. आजीला तर चकवा अशक्य वाटतच नव्हता. अशक्य काय, हे वाचकागणिक बदलतं. त्यावर हद्द आखता येत नाही.

मग कशावर आखायची? त्यासाठी लांब जायला नको. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा चौथ्या शतकात सर्वसेन राजाने सुरू केली. हा राजा कवी होता. त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिलं. आज ते पूर्ण उपलब्ध नाही, इतरांनी उद्धृत केलेल्या ओळींतून तेवढं उरलं आहे. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, हा त्याचा विषय.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त एक मुद्दा मांडला: हाती आलेली कथा रसाला मारक ठरत असेल तर कवीने ती मोडावी, नवी घडवावी. असं करणाऱ्यांच्या उदाहरणांत त्याने कालिदासाच्या जोडीला आपल्या वाशिमच्या राजाचं ‘हरिविजय’ ठेवलं. पुढे अभिनवगुप्ताने त्यावर भाष्य करताना नोंदवलं, की प्रियेची समजूत काढण्यासाठीचं हे पारिजातहरण इतिहासग्रंथांत दिसत नसूनही सर्वसेनाने घातलं.

मला हद्दीचा पहिला दगड इथे दिसतो. सांगणाऱ्याला कथा बदलायची मुभा आहे का? शिरपूरच्या मूर्तीची कथा मी माझ्या मनाने बदलली, तर भाविकाला ते खोटं वाटेल, आणि त्याचं दुखणं रास्त असेल. सर्वसेनाने कथा बदलली आणि जाणकारांनी त्याला दाद दिली. मूर्तीची कथा श्रद्धेची आहे, राजाची कल्पनेची. चमत्कार दोन्हीकडे आहे. फरक सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या करारात आहे.

पण नुसती मुभा पुरत नाही. वाटेल ते घडवता येत असेल तर गोष्टीत धोका उरत नाही, आणि धोका नसेल तर वाचक कशासाठी थांबेल? म्हणून दुसरा दगड: लेखकाने स्वतः केलेला नियम स्वतः पाळायचा. २०१८चा ‘तुंबाड’ आठवा. त्यातला हस्तर हा रचलेला देव आहे, त्यामुळे कुणाची श्रद्धा पणाला लागत नाही. त्याची भूक पिठाची, आणि पिठाचं रिंगण तो ओलांडू शकत नाही. एका बाहुलीने एक हस्तर येतो. शेवटी हाव सुटून जास्त बाहुल्या नेल्या जातात, तेव्हा तितकेच हस्तर उतरतात. नियमच माणसाला खातो. तो भयपट आहे हे खरं, पण त्याचा कणा फँटसीचा आहे.

विज्ञानकथा या हद्दीपलीकडची शेजारीण. तिथेही नियम असतो, पण तो बाहेरून उसना आणलेला. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे जयंत नारळीकरांना ठरवावं लागलं नाही. ते चुकले असते तर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी त्यांना अडवू शकला असता. पारिजाताचं रोप स्वर्गाबाहेर कसं जगलं, असं सर्वसेनाला कुणी विचारत नाही.

अवघड जागा जी. ए. कुलकर्णींची. ‘रमलखुणा’ (१९७५) मधल्या ‘इस्किलार’ची भूमी कुठल्याच नकाशावर नाही. तरी आपली समीक्षा तिला रूपककथा म्हणते, फँटसी म्हणताना कचरते, कारण ‘फँटसी म्हणजे मुलांचं’ असा आपला समज. त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७०मध्ये बजावलं होतं, की अद्भुताचा नुसता रूपकार्थ लावला की त्यातलं अद्भुत मरतं. ‘इस्किलार’चा अर्थ लावण्याआधी तिथला समुद्र खरा मानून वाचून पाहा. कथा जास्त भयंकर होते.

हा वाद फक्त कपाटातल्या लेबलांचा नाही. आज मोबाइलवर रोज एखादी जुनी कविकल्पना ‘सिद्ध झालेला इतिहास’ म्हणून फिरते. दुसरीकडे, कुणाची जिवंत श्रद्धा ‘फँटसी’ म्हणून हसण्यावारी नेली जाते. दोन्हींत करार मोडतो. दुसऱ्यात भाविकाचा अपमान होतो. पहिल्यात कवीची मुभा जाते, आणि ते नुकसान लवकर लक्षात येत नाही. सर्वसेनाचा कृष्ण तेव्हाही लोकांचा देवच होता. तरी राजाने त्याला नवा प्रसंग दिला आणि पंडितांनी तो नमुना म्हणून पुढे ठेवला. आज एखाद्या वाशिमकर पोरीने तसं लिहिलं, तर पहिली कमेंट येईल: पुरावा काय?

दहाव्या शतकातल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक गोष्ट रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघतो, गौरी त्याच्यामागे साहित्यविद्या नावाची वधू पाठवते, देशोदेशी फिरून अखेर दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. साहित्याच्या शास्त्रग्रंथात साहित्याचं मूळ सांगायला त्याला गोष्टच रचावीशी वाटली. त्या लग्नाचा पुरावा वाशिममध्ये कुणी शोधत नाही, हे बरंच आहे.